जागा तुम्ही आखून द्या, पावती आम्ही फाडू

पूर्व विदर्भातील सर्व जिल्हाधिकारी आणि उपवनसंरक्षक यांना खुले पत्र

सविनय नमस्कार.

गावच्या तलावाकाठी किंवा जंगलाच्या कडेला तंबू टाकून एक रात्र काढायची असेल, तर परवानगी कोण देतं? प्रश्न एवढाच आहे. तलाठ्यापासून वनपरिक्षेत्र कार्यालयापर्यंत आणि पाटबंधाऱ्याच्या शाखा अभियंत्यापासून पोलीस ठाण्यापर्यंत तो विचारून झाला. कुणी उद्धट बोललं नाही, दोन ठिकाणी चहाही मिळाला. पण प्रत्येकाच्या उत्तरात दुसऱ्याच कचेरीचं नाव होतं. म्हणून आता तुम्हा सगळ्यांना एकाच कागदावर लिहितो आहे. निदान हा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना हरवणार नाही.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात धान पिकवतो आणि गावच्या सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. आमच्या भागात सरकारी जमीन म्हणून एकसंध काही नसतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी आमच्याच तलावाचं सांगतो. हा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (इथल्या जुन्या जमीनदारीच्या काळचा). कोहळी समाजाच्या पिढ्यांनी बांधलेल्या अशा सहा हजारांच्या वर तलावांपैकी एक. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. त्यातले शंभर हेक्टरांच्या आतल्या ओलिताचे जिल्हा परिषदेकडे आले, तसाच आमचाही आला. पाण्यातल्या मासोळीचा ठेका ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे आहे. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, उतरली की झुडपी जंगल. कागदावर ते महसुलाचं, पण २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच असल्याचं सांगितलं आहे. त्यापलीकडे राखीव वनाचा कंपार्टमेंट, त्याला वेगळा बीट गार्ड, म्हणजे हद्द ठरलेला वनरक्षक. त्या वनातला काही भाग वनहक्क कायद्याखाली आमच्या ग्रामसभेला मिळालेला. आणखी पुढे वनविकास महामंडळाचा साग. तंबूचे चार खुंटे जरा ऐसपैस ठोकले, तर दोन खात्यांच्या हद्दीत माणूस झोपतो.

हिवाळा लागला की गाड्या येतात. नागपूरच्या, गोंदियाच्या, कधी रायपूरच्याही. फोनवरच्या नकाशात पाणी दिसलं, पाणंद दिसली, की आले. त्यातली बहुतेक पोरं भली असतात. गावात दूध विचारतात, म्हाताऱ्याला नमस्कार करतात. पण रात्री थंडी पडली की लाकूड लागतं आणि ते धुऱ्यावरून येतं. संस्थेनं सांजेला लावलेल्या जाळ्यात कुणाचा तरी पाय अडकतो, जाळं फाटतं. पाळीवर स्पीकर लागला की पलीकडच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, डुकरांसाठी जागल करणाऱ्या माणसाला डुकरांचा आवाजच येत नाही. सकाळी गाड्या निघून जातात आणि गाव बाटल्या गोळा करतं.

अशाच एका रात्री गावानं पोलीस पाटलांना उठवलं, पाटलांनी गार्डला फोन लावला. गार्ड आला, बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, तंबू माझ्या बीटात नाहीत, पण शेकोटी माझ्या बीटात आहे. आम्ही हसलो, पण त्याचं बरोबर होतं. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात विस्तव नेणं, पेटवणं हा गुन्हा आहे आणि त्याची पीओआर (प्राथमिक गुन्हा अहवाल) फाडायचा त्याला हक्क आहे. तंबूबद्दल मात्र त्याच्याकडे काही कागद नव्हता. पाहुण्यांकडेही नव्हता आणि आमच्याकडेही नव्हता. शेवटी शेकोटी विझवून सगळे तिथेच झोपले.

आता दुसरी बाजू. तालुक्यातल्या एका शाळेच्या गुरुजींना आठवीची मुलं तलावावर एक रात्र मुक्कामाला आणायची होती. रात्री तारे बघायचे, पहाटे पाखरं. गुरुजी नियमाचे पक्के. त्यांनी पालकांची संमतीपत्रं, मुलांची यादी, मुख्याध्यापकांची शिफारस सगळं जोडून अर्ज केला. एका कचेरीनं सांगितलं की अशा अर्जाचा नमुनाच नाही. दुसरीनं सांगितलं की नाहरकत आधी पहिल्या कचेरीची आणा. तारीख उलटून गेली. मुलं शाळेच्या वऱ्हांड्यात झोपली आणि पहाटे काळोखात तीन किलोमीटर चालत पाळीवर गेली. रानडुकरं फिरण्याची वेळ तीच, हे गुरुजींनाही ठाऊक होतं. न विचारता आलेल्यांनी पाळीवर रात्र काढली, विचारणाऱ्या मुलांना अंधारात चालावं लागलं.

तिसरी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. मेंढरं आणि उंट घेऊन कच्छ-काठियावाडकडून येणारे पशुपालक विदर्भात कित्येक पिढ्यांपासून फिरतात. त्यांचाही मुक्काम मोकळ्या जागेवरच असतो. त्यांच्या पालाला मात्र कुणी कॅम्पिंग म्हणत नाही, हाकलून लावतात. वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये भटक्या आणि पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. उद्या तुम्ही मुक्कामाच्या पासाचा नियम केलात आणि त्यात फक्त गाडीवाल्यांची सोय झाली, तर तो नियम अर्धाच ठरेल.

नागपूरची पोरं मला अमेरिकेचे दाखले देतात. तिथं भूमी व्यवस्थापन ब्युरो या सरकारी खात्याच्या बऱ्याचशा जमिनीवर एका जागी साधारण अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवसांपर्यंत फुकट तंबू टाकता येतो, पास लागत नाही. जिथं गर्दी होते तिथं परमिट, आणि फारच गर्दी असेल तर सोडत. ऐकायला छान वाटतं. पण तिथल्या मोकळ्या जमिनी मोकळ्या कशा झाल्या हे वेगळं प्रकरण आहे. आमच्याकडे मोकळी दिसणारी जमीन मोकळी नसते. तिच्यावर कुणाची गुरं चरतात, कुणाचा मोह पडतो, कुणाची कुडाची लाकडं तिथून येतात. विदर्भात हे लिहून ठेवायची जुनी पद्धत आहे. निस्तार पत्रक त्यासाठीच असतं आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्याचं आजही स्थान आहे. म्हणून 'कुठंही टाका तंबू' हे आम्हाला नको. 'कुठंच टाकू नका' हेही नको, कारण ते कागदावरच राहतं.

जिल्हाधिकारी महोदयांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. याच संहितेचं, म्हणजे १९६६ च्या अधिनियमाचं, कलम २२ काढून बघा. सरकारी जमीन कोणकोणत्या कामांसाठी राखून ठेवता येते त्याची यादी तिथं आहे: गुरचरण, स्मशान, गावठाण, खळं, बाजार. आणि त्याच यादीत मुक्कामाचा तळही आहे. अधिकार तुमचा, कायदा साठ वर्षांचा. सर्कशी, तमाशे, बैलगाड्यांचे तांडे, साहेबांचे दौरे यांच्यासाठी तेव्हा ती तरतूद ठेवली असावी असा माझा तर्क. आज त्याच तरतुदीखाली तालुक्यात दोन-चार जागा तळ म्हणून आखायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही. अट एकच, ती जागा झुडपीतली किंवा वनातली नसावी. तलाठ्याला जुन्या जमीन बंदोबस्ताचे (मोजणी-आकारणीचे) कागद काढायला सांगा. कुठं पडावाची नोंद असेल तर काम आणखी सोपं होईल.

आता वनाकडे येतो. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मी या पत्रातून बाहेरच ठेवतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २७ आणि २८ प्रमाणे तिथं प्रवेशालाच परवाना लागतो आणि तो देणारा ठरलेला आहे. ताडोबा, नागझिरा, पेंच इथली गेटं, ऑनलाइन बुकिंग, जिप्सी, गाइड ही व्यवस्था तुमची तुम्हाला लखलाभ. (खरं सांगायचं तर त्या जिप्सीचा खर्च आमच्या गुरुजींच्या आवाक्यातला नाही.) माझा प्रश्न त्या गेटाच्या बाहेरच्या जंगलाचा आहे, म्हणजे जिथं माणसं राहतात त्या जंगलाचा.

या जंगलाच्या बऱ्याच भागावर आज ग्रामसभांचे सामूहिक वनहक्क आहेत. वनहक्क कायदा २००६ चं कलम ५ वाचा. सामूहिक वनसंपत्तीत कुणी यायचं, कसं यायचं, याचं नियमन करणारे ग्रामसभेचे निर्णय पाळले जातील याची जबाबदारी तिथं दिलेली आहे. वन्यप्राणी, वन आणि जैवविविधतेला बाधा आणणारं काहीही थांबवण्याचे निर्णयही त्यातच येतात. याचा सरळ अर्थ मला असा लागतो: आमच्या वनहक्काच्या जंगलात रात्री राहायचं की नाही, हे आधी ग्रामसभेला विचारा. तुमचे काही अधिकारी म्हणतात की हे कलम लाकूडचोरीसाठी आहे. कायद्यात तसं लिहिलेलं नाही.

ग्रामसभेला मुक्कामाच्या पासांचं पुस्तक सांभाळता येईल का, अशी शंका पुन्हा येईल. ती २०११ च्या आधीही होती. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक वनविभागाकडेच होतं. बांबू गावाचा, पण गाडी हलवायला सही साहेबांची. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर २०१२ मध्ये नियम बदलले आणि गौण वनोपजाच्या वाहतूक परवान्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे आलं. आज तेंदूच्या हंगामात कित्येक ग्रामसभा पुड्यापुड्याचा हिशेब ठेवतात, मजुरी वाटतात, लिलाव करतात. लाखोंची उलाढाल पेलणाऱ्या ग्रामसभेला चार तंबूंची पावती फाडता येणार नाही, हे पटण्यासारखं नाही.

आणि ग्रामसभा नुसती हो म्हणते असंही नाही. चंद्रपूरच्या पाचगावनं हातात आलेलं तेंदूचं उत्पन्न सोडलं. तेंदूसाठी होणारी छाटणी आणि लागणाऱ्या आगी जंगलाला नडतात म्हणून ग्रामसभेनं पानं तोडायचीच नाहीत असं ठरवलं. हक्काचा पैसा नको म्हणणाऱ्या गावाला एखाद्या पाहुण्याला 'यंदा नको' म्हणता येईलच.

'नको' कधी म्हणायचं, हे गावाला कसं कळतं ते सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो. बायका पहाटे तीन-साडेतीनला टोपली घेऊन निघतात, कारण उजाडेपर्यंत गुरं आणि अस्वलं फुलं खाऊन जातात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात. त्या झाडाखाली अनोळखी माणसांचा तंबू दिसला तर बाई मागे फिरते, आणि तो दिवस तिच्या घरचा गेला. हे कुठल्याच वन कार्ययोजनेत लिहिलेलं नाही, पण गावातल्या प्रत्येक मुलीला माहीत आहे. त्यात हा आगीचा हंगाम. १५ फेब्रुवारी ते १५ जून. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची सवय आमच्याही लोकांना आहे आणि ती मोडायला आम्ही भांडतो आहोत. त्यात पाहुण्यांच्या शेकोट्यांची भर कशाला? मे महिन्यात तेंदू. पावसाळ्यात सारसाची जोडी बांधीत घरटं करते, तेव्हा तिच्या आसपास माणसाची चाहूलही नको. राहतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. धान कापून झालेला, पाणवठे भरलेले, बाहेरून आलेली बदकं आणि हंस तलावात उतरलेले. मुक्कामाचा हंगाम तोच, आणि तेवढाच.

वाघाचं न बोलता हे पत्र पुरं होणार नाही. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्याच्या जंगलात सोडल्या गेल्या. वाघ आमच्याकडून ये-जा करतात, करावीच. पण मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदू तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ज्या जंगलात आमची माणसं दिवसा पोटासाठी जीव मुठीत घेऊन जातात, तिथं रात्री हौसेनं झोपणाऱ्याला 'येऊ द्या' म्हणायला आमचंही मन तयार होत नाही. म्हणून तळ जंगलात नको, गावाच्या नजरेच्या टप्प्यात हवा. वाघ कोणत्या नाल्यानं उतरतो, हे ढोरक्याला रोजच्या रोज कळतं. सकाळी पगमार्क दिसला की संध्याकाळी पास बंद. ही खबर तुमच्या ऑनलाइन पोर्टलवर दुसऱ्या दिवशीही पोचत नाही.

वनविभागाकडून आम्हाला हवं आहे ते तुम्हीच देऊ शकता: कुठं तळ नको, याचा नकाशा. वाघांचे येण्या-जाण्याचे पट्टे, घरट्यांच्या जागा, जाळरेषा. कॅमेरा ट्रॅपचे फोटो तुमच्याकडे आहेत, आमच्याकडे नाहीत. तुमची जबाबदारी आम्हाला नको, तुमची माहिती हवी. वन (संवर्धन) कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर कार्ययोजनेत समाविष्ट असलेली निसर्ग पर्यटनाची सुविधा वनेतर वापर धरली जात नाही, त्यामुळे तुमच्या योजनेत दोन ओळी लिहिणं अशक्य नाही. फक्त त्या ओळींच्या आधारानं कुणी पक्क्या खोल्या आणि स्वागतकक्ष उभारायला येऊ नये. सकाळी गुंडाळून न्यायचा तंबू एवढीच सुविधा.

आमच्या समितीत पासाचा विचार असा झाला. दुबार पानांचं पुस्तक, क्रमांक छापलेला. पासावर गाडीचा नंबर, माणसं किती, तळ कोणता, रात्र कोणती. एक पान पाहुण्याकडे, दुसरं समितीकडे. संध्याकाळी पोलीस पाटलांना आणि बीट गार्डला यादी जाईल, म्हणजे रात्री बॅटरी मारून कुणाला विचारायची वेळ येणार नाही. तंबूमागे शंभर-दोनशे रुपये. शाळेच्या मुलांना आणि पशुपालकांना फुकट. पैसा ग्रामसभेच्या खात्यात. तलाव असेल तिथं त्यातला वाटा ढिवरांच्या संस्थेला, कारण जाळं त्यांचं फाटतं. शेकोटी नाही, चूल गॅसची. स्पीकर नाही. राखण करायला गावातली दोन पोरं आळीपाळीनं, त्यांची मजुरी याच पैशातून. दारूवर समितीत बरंच भांडण झालं. बायकांनी 'दारू नाही' म्हटलं आणि तेच कायम राहिलं.

दर काय असावा यावर मी अडून बसणार नाही. एका तळावर किती तंबू हेही तुम्ही सुचवा, आम्ही ऐकू. पास कुणी फाडायचा यावर मात्र अडून बसणार आहे. हे काम ऑनलाइन झालं, एखाद्या ठेकेदाराकडे गेलं, तर पाहुणा फोनवर पैसे भरून येईल आणि आल्यावर गावाकडे बघणारही नाही. मोह पडायला लागला आहे का, नाल्यात काल पगमार्क दिसला का, हे त्या फोनला कुठून कळणार? ठेकेदार पावसाळ्यातही पास विकेल, सारसाचं त्याला काय.

पेंचला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं काळोखं आकाश जपणाऱ्या जागेचा, मान मिळाला, देशात पहिला. चांगली गोष्ट आहे. आमच्याही तलावावर अमावास्येला आकाशगंगा स्पष्ट दिसते, त्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही. गुरुजींच्या मुलांना तीच दाखवायची होती.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही हा ठराव ठेवतो आहोत: आमच्या सामूहिक वनहक्काच्या कडेला एक तळ, पंधरा नोव्हेंबर ते चौदा फेब्रुवारी, पास ग्रामसभेचा. ठरावाची प्रत जिल्हाधिकारी आणि उपवनसंरक्षक दोघांनाही पोचवू. तळाच्या जागेवर वनविभागाची हरकत असेल तर ग्रामसभेच्या आधी क्षेत्र सहाय्यकांना नकाशा घेऊन गावात पाठवा, जागेवर उभं राहून बोलू. महसुलाच्या जमिनीवर कलम २२ खाली तळ आखायचा असेल तर तलाठ्यांनाही त्याच दिवशी पाठवा, म्हणजे दोघांची गाठ एकदा तरी एकाच बांधावर पडेल. उत्तर लेखी द्या. नकारही चालेल, पण त्यावर तुमच्या कचेरीचा शिक्का असू द्या.

आपला,
सदस्य, सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समिती
तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया